बाबांचं नाव त्याच ओळीत लिहिलंत, सर

आदरणीय सर,

बाबांची रशियन वही आणि जुना फोटो घेऊन तुमच्यासमोर बसले होते तेव्हा धड आभारही मानता आले नाहीत. गळा दाटून आला आणि नुसतं 'येते' म्हणून पाचपाखाडीतल्या तुमच्या घरातून निघाले. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळते आहे.

माझे बाबा पवईच्या आयआयटीत फिटर होते. आयआयटी म्हटलं की आता लोकांना क्लास आणि पॅकेज आठवतं. १९५८ च्या जुलैत ती वरळीला सास्मिरा या कापड-संशोधन संस्थेच्या इमारतीत १०० विद्यार्थ्यांवर सुरू झाली, १० मार्च १९५९ ला पंडित नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली, हे मी पुस्तकाआधी बाबांच्या तोंडून ऐकलं. कानपूरच्या पाठीशी अमेरिका, मद्रासच्या पश्चिम जर्मनी, दिल्लीच्या ब्रिटन आणि 'आमच्या पवईच्या' पाठीशी रशिया, असं ते मोजून दाखवायचे. जग दोन गटांत वाटलं गेलं होतं, तरी आपण सगळ्यांकडून शिकून घेतलं, याचा त्यांना मोठा अभिमान. सोव्हिएत मदत युनेस्कोमार्फत यायची. बाबांसाठी ती मदत म्हणजे रशियन अक्षरं छापलेली लाकडी खोकी. ती उघडायची, लेथ मशीन पायावर चढवायचं, लेव्हल बघत पाचरी सारत ते सरळ करायचं. शेजारी रशियन तंत्रज्ञ उभा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण मोजपट्टी दोघांची एकच होती.

बाबा गेल्यावर त्यांच्या पेटीत एक वही आणि एक ग्रुप फोटो सापडला. वहीत पानंच्या पानं रशियन अक्षर. जुने कागद जपणाऱ्या एका संस्थेत घेऊन गेले, तर 'कुणा मोठ्या माणसाची असती तर ठेवून घेतली असती' असं तोंडावर सांगितलं. पुढे भाषांतराचा धंदा करणाऱ्या एकाने आगाऊ पैसे घेतले आणि मैत्री, आठवणी, भारतभूमी असलं गोडगोड काहीतरी टाइप करून दिलं. आईने तो कागद देवापाशी ठेवला होता, सर. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही वही उघडलीत, चष्मा पुसून बराच वेळ वाचलीत आणि सरळ सांगितलंत, 'यात मैत्रीबित्री काही नाही. गिअर बदलायचा तक्ता आहे, तेल कधी बदलायचं ते आहे.' जिथे अक्षर लागलं नाही तिथे टिंबं दिलीत. आईला हे सांगायची मला धास्ती होती. ती म्हणाली, 'हेच खरं असणार. ह्यांच्याशी कुणीही मशीनचंच बोलायचं.' तो गोड कागद तिने स्वतःच फाडला.

पण मला खरं बोलायचंय ते फोटोबद्दल. तुम्ही त्या सुरुवातीच्या वर्षांतले विद्यार्थी, त्यामुळे बरेच चेहरे तुम्ही ओळखलेत. फोटो उलटा करून, शाई पुढे उमटेल म्हणून मऊ पेन्सिल घेऊन, डावीकडून एकेक नाव लिहू लागलात. प्राध्यापक, रशियन तज्ज्ञ, पुन्हा प्राध्यापक. कडेच्या माणसापाशी आलात आणि हात थांबवून मला विचारलंत, 'बाबांचं पूर्ण नाव सांग.' मग तेवढ्याच आकाराच्या अक्षरात, त्याच ओळीत लिहिलंत. नावाआधी 'श्री.' आणि नावानंतर 'फिटर, वर्कशॉप'.

१९५६ ते १९७३ या काळात सोव्हिएत संघातून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ पवईच्या मदतीला आले, २७ भारतीय अध्यापकांना तिकडे शिकायला शिष्यवृत्त्या मिळाल्या. हे आकडे लिहून ठेवलेले आहेत, ते राहायलाच हवेत. मिन्स्क संगणक तिकडून आला, त्याच्याबद्दलही लोक कौतुकाने लिहितात. पण पाहुणे परतल्यावर ती यंत्रं चालती ठेवणारे, ठाण्या-कळव्याहून पहिल्या पाळीला पोचणारे हात कुठल्याच आकड्यात बसत नाहीत. दोन देशांचा करार कागदावर होतो, पण तो निभावला तो या माणसांनीही. इतकी वर्षं मी हे घरातल्या घरात म्हणत होते. दुसऱ्या कुणी, तेही तिथे शिकलेल्या माणसाने, न सांगता ते ओळखलं. विद्वान पुष्कळ भेटतात. ज्याच्यासमोर आपल्या माणसाची किंमत पटवून द्यावी लागत नाही, असा सज्जन क्वचित भेटतो.

त्या फोटोच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढून घेतल्या आहेत, एक तुमच्यासाठी ठेवली आहे. आई म्हणते, रविवारी दोघं जेवायला या. काकूंना तिखट चालत नाही असं ऐकलं, त्यांच्यासाठी आमटी वेगळी करू.

आपली नम्र,
नौपाडा, ठाणे