चौथं कार्ड घेऊ नकोस

पावस, रत्नागिरी
१२ जून

प्रिय बंड्या,

आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीची, धावपळ परवा संपली. तांदूळ, सुकी मासळी, कोकमं, लाकडं सगळं आत आलं आणि रात्रीच पावसाने धरलं. म्हणून तुझ्या पत्राला उत्तर आज निवांत लिहितोय.

तीन क्रेडिट कार्डं आहेत, चौथं आजन्म मोफत मिळतंय, घेऊ का, असं विचारलंस. घेऊ नकोस. आहेत त्यातलंही एक बंद कर. आपल्यासारख्याला दोन पुरतात.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे चार होती. तुला बोललो नाही, लाज वाटायची. एकावर फवारणीची औषधं, एकावर पोराची पुण्याची फी, एकावर घरखर्च, आणि चौथ्यावरून गड्यांच्या मजुरीसाठी चक्क एटीएममधून रोकड काढली. त्या साली आंब्याला मोहोर उशिरा आला आणि वाशीच्या दलालाकडून विक्रीची पट्टी हातात पडेपर्यंत पावसाळा लागला. चार बिलं, चार वेगळ्या तारखा. प्रत्येकावर ‘किमान देय रक्कम’ भरत गेलो आणि निभावलं असं समजत राहिलो.

मग एका रात्री एकच बिल समोर घेऊन बसलो. बाकी ४०,००० रुपये. किमान देय ५ टक्के, म्हणजे २,०००. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,४०० च्या आसपास. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२. दोन हजार भरून मुद्दल फिटलं जेमतेम साडेतीनशे! शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आणि रोकडीवर तर काढल्या दिवसापासून व्याज चढतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढं लिहितोय.

एक तारखेला पगार होणाऱ्याला पाच कार्डंही जमत असतील. आपलं तसं नाही. माझा पैसा एप्रिल-मेचा, तुझा दिवाळीपासून मेपर्यंतचा. पावसात तुझ्या तारकर्लीच्या खोल्या रिकाम्या, बिल मात्र बारा महिने येणार. म्हणून मी एवढंच धरून चालतो: जुलै-ऑगस्टात नवा रुपया आला नाही तरी जेवढी बिलं पुरी भरता येतील, तेवढीच कार्डं. माझ्यापुरती ती दोन भरली. एकच ठेवावं असंही वाटलं होतं, पण एकदा वाशीला गेलो असताना कार्ड ब्लॉक झालं आणि खिशात परतीच्या गाडीपुरतेही पैसे नव्हते.

तुझं सर्वांत जुनं कार्ड मोडू नकोस, परतफेडीचा तुझा जुना इतिहास त्यावर आहे. दुसरं रुपे असेल तर ते ठेव, ते यूपीआयला जोडता येतं. फक्त दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं. मासळीवालीने स्वतःच्या साध्या खात्याचा कोड लावला असेल तर तिथे नाही.

आता बंद करण्याचं, आणि इथे घाई नको. नव्या दोन खोल्यांसाठी तुला कर्ज काढायचंय ना? समज, तीन कार्डांची मिळून मर्यादा ३ लाख आणि तू वापरतोस ६०,०००, म्हणजे २० टक्के. दीड लाखाचं कार्ड गेलं की तेच ४० टक्के होतात. वापर ३० टक्क्यांच्या आत असावा असं सगळेच सांगतात, नाहीतर सिबिल स्कोअरला, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात त्या गुणांना, झळ बसते. नव्या कार्डासाठी अर्ज केला तर त्याचीही नोंद तिथे होते. तेव्हा आधी कर्ज मंजूर होऊन हातात येऊ दे, मग कार्ड बंद कर. तोवर ते कपाटात राहू दे.

बंद करताना आधी पॉइंट वापरून टाक, त्यावरून आपोआप कटणारी फोनची वगैरे बिलं दुसरीकडे वळव, बाकी शून्य कर आणि लेखी अर्ज दे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर झाला तर बँकेकडून तुला दिवसाला ५०० रुपये मिळायला हवेत. बंद झाल्याचा मेसेज जपून ठेव. उरलेल्या दोन्ही कार्डांच्या तारखा जवळ आणून घे, बिलाची तारीख बदलून मागता येते. माझ्या दोन्ही तारखा हिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिल्यात. वहिनींनाही सांगून ठेव, हे एकट्याने लपवून वाहू नकोस.

आणि तुझा धाकटा भाऊ होडीचं डिझेल तुझ्या कार्डावर भरतो, ते थांबव. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं. मी बागेचा खर्च त्यावरच टाकतो. वेळेत फेडलं तर वर्षाला ४ टक्के पडतात. तुझ्या कार्डाचे वर्षाचे बेचाळीस होतील. त्याला कागद घेऊन बँकेत पाठव, मासेमारी बंद आहे तोवर त्याला सवडही आहे.

तिन्ही कार्डांची शेवटची बिलं काढून ठेव. रविवारी रात्री फोन करतो, आकडे एकेक करून वाचून दाखव. रेंज गेली तर पुन्हा लावेन. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नाना