प्रोग्रामिंगची परीक्षा संगणकावर घ्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पहिल्या वर्षाला सी प्रोग्रामिंग शिकवते. माझी बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. घरी लॅपटॉप असणारी बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या वतीने एक मागणी घेऊन लिहिते आहे : प्रोग्रामिंगच्या पहिल्या विषयाची परीक्षा कागदावर घेणं थांबवा.

पहिल्या आठवड्यात फळ्यावर क्ष = क्ष + १ लिहिलं की दरवर्षी कुणीतरी हात वर करतं. ‘मॅडम, चुकलंय. दोन्हीकडचा क्ष गेला तर शून्य बरोबर एक उरतं.’ मला हा प्रश्न फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने दहावीचं बीजगणित मनापासून केलेलं असतं. मी सांगते, इथे क्ष म्हणजे आकडा ठेवायचा डबा आणि बरोबरचं चिन्ह म्हणजे हुकूम. डब्यात आहे त्यात एक मिळवा आणि उत्तर परत त्याच डब्यात ठेवा. पण हे नुसतं सांगून डोक्यात बसत नाही. स्वतः टाइप करून, चालवून, पडद्यावर आकडा वाढताना पाहावा लागतो.

मागच्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. आमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे, सी भाषेतले प्रोग्राम लिहून चालवायचं, १९८७ साली बाजारात आलेलं सॉफ्टवेअर. नव्या विंडोजवर ते डॉसबॉक्स या जुने प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने चालवावं लागतं. फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्राम होता, आणि सगळ्यांनी जर्नलमध्ये ५ चा फॅक्टोरियल १२० असा उतरवून घेतला होता. एका मुलीने सहज ८ टाकला. उत्तर आलं −२५,२१६.

तिने तीनदा चालवून पाहिलं. मग वहीत गुणाकार केला, ४०,३२० आले, आणि मला हाक मारली. तिच्या गणितात चूक नव्हती. टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला १६ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशा १६ घरांची, जागा मिळते आणि त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्यापुढे एक मिळवला की मोटारसायकलचं मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यावं तसा आकडा फिरतो, फक्त तो शून्यावर न येता थेट −३२,७६८ वर जातो. म्हणजे पूर्ण फेरा ६५,५३६ आकड्यांचा. ‘४०,३२० मधून ६५,५३६ वजा कर,’ मी म्हटलं. तिने केले आणि जवळजवळ ओरडलीच, ‘आलं, मॅडम!’ सगळी बॅच तिच्या मशीनभोवती गोळा झाली. ९ टाकला तर काय येईल ते आधी कागदावर काढायची शर्यत लागली. दोघांना −३०,३३६ बरोबर आले. बिट, मर्यादा, उणे संख्या साठवायची पद्धत, हे सगळं एका तासात शिकून झालं.

परीक्षेत यातल्या कशालाही गुण नव्हते. उलट त्या तासाचा रायटअप, म्हणजे जर्नलमधली लेखी नोंद, अपुरा राहिला म्हणून त्या मुलीचे जर्नलचे गुण कापले गेले. ते कापावे लागले तेव्हा वहीवर सही माझीच होती, आणि ते अजून मनातून जात नाही.

लेखी पेपरात मुलं पेनाने प्रोग्राम लिहितात. सेमिकोलन राहिला की अर्धा गुण जातो. मशीनवर तीच चूक कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, लगेच दाखवतो. बऱ्याचदा तो बोट पुढच्या ओळीवर ठेवतो, आणि ‘एक ओळ वर बघ’ हे कळणं हाच खरा धडा असतो. प्रॅक्टिकलच्या स्लिपा, म्हणजे प्रश्नांच्या चिठ्ठ्या, ठरलेल्या असतात, त्यामुळे आर्मस्ट्राँग नंबर आणि ताऱ्यांचा त्रिकोण यांसारखे नेहमीचे प्रोग्राम मुलं कवितेसारखे पाठ करून येतात. आता तर मोबाइलला विचारलं की प्रोग्राम आयता मिळतो. पाठांतर तपासणाऱ्या परीक्षेत मुलाला काय येतं ते कसं कळणार?

एमएचटी-सीईटी आपलं राज्य संगणकावर घेतं. लाखो मुलांची प्रवेश परीक्षा संगणकावर होऊ शकते, तर आत आल्यावर प्रोग्रामिंगची का नाही? दोन तास द्या, आधी न पाहिलेला एक छोटा प्रश्न द्या, आणि एक चुकीचा प्रोग्राम दुरुस्त करायला द्या. पुस्तक उघडं असलं तरी चालेल, इंटरनेट बंद ठेवा.

अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठांच्या मंडळांकडे असतात, हे मला माहीत आहे. पण आपण कुलगुरूंच्या बैठकीत हा विषय काढलात तर तो पुढे सरकेल. लॅब असिस्टंटची रिकामी जागा भरणं, इन्व्हर्टर देणं, लॅब रोज दोन तास जास्त उघडी ठेवणं हे मात्र शासनाच्याच हातात आहे. आमच्याकडे लॅब साडेचारला बंद होते आणि गावाकडची एसटी सहाला सुटते. तो दीड तास मुली स्टँडवर बसून काढतात.

टर्बो सीऐवजी जीसीसी हा सीचा कंपायलर किंवा पायथन ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा वापरायला एक रुपयाही लागत नाही, दोन्ही मोफत आहेत. पायथन ३ मध्ये तर डब्याला ‘वेग’ किंवा ‘अंतर’ असं देवनागरी नाव देता येतं. पहिल्यांदा ते चाललेलं पाहिलं तेव्हा माझ्या वर्गात टाळ्या पडल्या होत्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले पाठही तयार आहेत. ते लॅबच्या मशीनवर उतरवून ठेवायचा साधा आदेश निघाला तरी पुष्कळ होईल.

येत्या सत्रात निदान एका विद्यापीठात, एका विषयापुरता हा बदल करून पाहावा, ही विनंती. प्रश्न काढायला आणि तपासायला मी सुट्टीच्या दिवशीही येईन.

कळावे,
आपली,
तासिका तत्त्वावर शिकवणारी एक प्राध्यापिका