यादी गेली, आता परीक्षक घडवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. पिशवीतून एक छापील अंक काढून तिने विचारलं, ‘‘मॅडम, हे बरं आहे ना? आयएसएसएन नंबर आहे यावर.’’ 3 हजार रुपये भरून तिने त्यात शोधनिबंध दिला होता. पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘तज्ज्ञांनी स्वीकारला’ असा मेल आला. अंकात लोककथा, द्राक्षबागेवरची कीड, वस्तू व सेवा कर आणि योगासने एकापाठोपाठ एक छापलेली. तिच्या निबंधाच्या शीर्षकातच ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती आणि ती तशीच राहिली होती.

मी तिला रागावले नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ आकडी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. गाडीच्या नंबरावरून चालक कसा आहे ते कळत नाही, तसेच हे. पदोन्नतीसाठी मात्र निबंध हवेतच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत भाषा आणि मानव्यविद्यांच्या प्रत्येक शोधनिबंधाला 10 गुण आहेत. पीएच.डी.साठी निबंध छापून आणण्याची सक्ती 2022मध्ये रद्द झाली, तरी नोकरीतली ही गरज संपलेली नाही.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या अशा नियतकालिकांच्या दुखण्यावर आयोगाने आजवर मान्य नियतकालिकांच्या यादीचा उपाय केला. मे 2018मध्ये मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिके काढून टाकावी लागली, यावरून ती यादी कशी भरली होती ते दिसते. मग 2019मध्ये ‘केअर’ यादी आली आणि तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालले. फेब्रुवारी 2025मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. यापुढे नियतकालिक पारखायची जबाबदारी विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची. त्यासाठी आयोगाने काही निकष सुचवले आहेत.

निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पारख ज्याची त्यालाच यायला हवी. पण ती शिकवणार कोण आणि कुठे? पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा 2 श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यांचा निबंध नियतकालिकात छापण्याआधी तपासणारा परीक्षक, तो स्वीकारणारा संपादक आणि नियतकालिक बरे-वाईट ठरवणारी महाविद्यालयाची समिती यांच्यापैकी कोणासाठीही असा एक तासही सक्तीचा नाही. शिष्याला धडे आहेत, गुरूला नाहीत.

मी स्वतः एका शोधपत्रिकेच्या संपादक मंडळावर 11 वर्षे होते. पहिला निबंध परीक्षणाला आला तेव्हा काय करायचे असते ते मला ठाऊक नव्हते. ‘विषय चांगला आहे, छापावा’ एवढे लिहून मी तो परत केला. आमचे ज्येष्ठ संपादक तो घेऊन स्टाफरूममध्ये आले, शेजारी बसले आणि दीड तास एकेक परिच्छेद उलगडत राहिले. लेखकाचा दावा नेमका कोणत्या वाक्यात आहे? त्याला पुरावा कुठे? या विषयावर आधी कोणी लिहिले आणि याने ते वाचलेले दिसते का? आणि शेवटी, लेखकाला खच्ची न करता हे कसे कळवायचे? त्या दीड तासाने मला परीक्षक केले. आज कोणाला असा शेजार मिळतो?

मराठीत तर अडचणी आणखी आहेत. संदर्भसूची आडनावाने लावायची की नावाने? ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ अकारविल्ह्यात कुठे? जुन्या पोथीचा शक आणि आजच्या पुस्तकाचे सन एकाच सूचीत कसे द्यायचे? वाईच्या ‘नवभारत’ने, मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’ने, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाने अशा प्रश्नांवर जी शिस्त बसवली, ती संपादकांच्या डोक्यात आणि जुन्या अंकांत आहे. नव्या माणसाच्या हातात ठेवता येईल असे एकत्रित पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने जो निधी येईल, त्यातला थोडा तरी या पुस्तकासाठी आणि मराठी शोधसंपादकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी माझी राज्य सरकारला कळकळीची विनंती आहे.

पैसा नाही असे कोणी म्हणू नये. परदेशी आणि देशी नियतकालिके वाचता यावीत म्हणून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत केंद्राने तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपये ठेवले आहेत. सुमारे 13 हजार नियतकालिके त्यातून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात. मला याचा मनापासून आनंद आहे. आमच्या वेळी एका निबंधाची झेरॉक्स मिळवायला पुण्याची एस.टी. धरावी लागे. पण वाचायची एवढी सोय होत असताना तपासायला आणि नीट छापायला शिकवण्यासाठी वेगळी तरतूद का नको?

त्याला फार काही लागत नाही. प्राध्यापकांचे उजळणी वर्ग विद्यापीठांत चालूच आहेत. त्यांतला एक दोन आठवड्यांचा वर्ग परीक्षण आणि संपादन यांचा करा आणि पदोन्नतीत त्याला गुण द्या. मार्गदर्शकाने एखादा निबंध परीक्षणासाठी घेतला, तर संपादकाला सांगून संशोधक विद्यार्थ्यालाही सोबत बसवावे आणि अभिप्रायावर दोघांची नावे द्यावीत. मुद्रितशोधकांनाही या वर्गात आवर्जून बोलवा. मुद्रितशोधन म्हणजे वेलांट्या बघणे, असा एक समज आहे. माझ्या निबंधातली चुकीची तळटीप दोनदा पकडली ती मुद्रितशोधकानेच.

सातारा, वाई, कराड भागातल्या कोणत्याही महाविद्यालयाने शनिवारची एक दुपार दिली, तर मी मानधनाशिवाय येईन. जुन्या परीक्षकांचे अभिप्राय मी जपून ठेवले आहेत. नावे झाकून त्यांच्या प्रती घेऊन येईन. त्यांत माझा तो पहिला, एका ओळीचा अभिप्रायही असेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा