इस्रायलमधील रामला येथील काका-काकूंना सोलापूरहून आभाराचे पत्र

आदरणीय काका आणि काकू,

सलाम.

आईने सांगितलेल्या घराण्याच्या आठवणींची वही गेल्या महिन्यात लिहून पूर्ण झाली. तिच्या पहिल्या पानावर आईने तुमचे नाव लिहून घेतले, आणि त्याच वेळी आमचे ठरले की आभाराचे जे शब्द 2019 च्या मे महिन्यात तुम्ही आम्हाला उच्चारूही दिले नाहीत, ते आता कागदावर उतरवायचे. हे पत्र आम्ही सर्वांसमोर ठेवत आहोत, कारण एका बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी भाषक यहुदी, कुटुंबाने एका मराठी ख्रिस्ती कुटुंबासाठी जे केले, ते आमच्या मंडळीतील (चर्चमधील) आणि मंडळीबाहेरच्याही मराठी माणसांना कळावे अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. तुमचे नाव मात्र येथे देत नाही. तसा गाजावाजा तुम्हाला आवडणार नाही, हे आम्ही जाणतो.

पवित्र भूमी पाहण्याची ओढ आईला लहानपणापासूनच होती. सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवताना आणि रविवारी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा धर्मवर्ग, घेताना तिने गालील, यरीहो आणि बेथलेहेम ही नावे किती मुलांच्या तोंडी बसवली असतील, याची गणती नाही. बाबा गेल्यानंतर आम्ही तिला घेऊन निघालो. सहल अम्मानहून यरुशलेमला आणि तेथून पुढे इजिप्तला जाणारी होती. यरीहोच्या उन्हात आईला उलट्या सुरू झाल्या, अंगातले पाणी कमी झाले आणि तिला यरुशलेमच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. बाकीची मंडळी ठरल्याप्रमाणे पुढे गेली, आणि आई, मी, माझे यजमान आणि आमची मुलगी असे आम्ही चौघे मागे राहिलो. डॉक्टर इंग्रजी बोलत होते, पण अर्धवट ग्लानीत असलेल्या आईला मराठीखेरीज काहीच उमगत नव्हते. तिचे बोलणे कानी पडताच वॉर्डातील एका नर्सने, जिचे आजी-आजोबा मुंबईचे होते, तुम्हाला फोन केला आणि त्याच संध्याकाळी तुम्ही रामल्याहून बसने आलात. खाटेपाशी येऊन तुम्ही आईला विचारले, “बाई, आता कसं वाटतंय?” आपल्याला परदेशात आणले आहे याचीच भीती घेतलेल्या आईने त्या प्रश्नानंतर पहिल्यांदा पाणी मागितले. तिला घरी सोडेपर्यंत तुम्ही रोज येत राहिलात, डॉक्टरांचे बोलणे आईला आणि आईचे मराठी डॉक्टरांना समजावत राहिलात. एवढ्यावर तुमचे उपकार थांबले असते, तरी ते आम्हाला जन्मभर पुरले असते.

आईला चालण्याइतकी शक्ती आल्यावर तुम्ही आम्हाला प्राचीन मंदिराच्या दक्षिणेकडील पायऱ्यांवर नेले. एक पायरी रुंद, एक अरुंद अशा त्या पायऱ्या 1967 नंतरच्या उत्खननात मोकळ्या झाल्या, सणाला आलेले यात्रेकरू याच वाटेने वर जात आणि पायऱ्यांची रुंदी सारखी नसल्यामुळे माणसाला प्रत्येक पाऊल भान ठेवून टाकावे लागते, हे तुम्ही आम्हाला सांगितले. आई तेथे बसली आणि तिने बायबलमधले 121 वे स्तोत्र पाठ म्हटले, तेव्हा तुम्ही तिचे संपू दिले आणि मग तेच स्तोत्र हिब्रूत म्हटले. आमच्या प्रभूचे पाय याच पायऱ्यांवर पडले असतील, हा विचार आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात होता. तुम्हीही तो ओळखला होता, आणि तुमचा विश्वास वेगळा असूनही तुम्ही आम्हाला तेथे हवा तितका वेळ बसू दिले.

तुमच्या घरच्या शुक्रवारच्या संध्याकाळविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. सूर्यास्तानंतर बस बंद होणार म्हणून तुम्ही आम्हाला मुक्कामालाच बोलावले होते. काकूंनी शब्बाथाचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावले, भाकरी झाकून ठेवली आणि पेल्यात मनुकांचे सरबत ओतले. कोकणात द्राक्षारस सहज मिळत नसे, म्हणून आमच्या वाडवडिलांनी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून हे सरबत करायची रीत पाडली, असे त्या म्हणाल्या आणि आई एकदम गप्प झाली. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीच्या, रविवारी लागणारा रस आई अनेक वर्षे अशाच मनुका भिजवून आपल्या हाताने करीत आली आहे. तुम्ही पेला हातात घेऊन द्राक्षवेलाच्या फळासाठी देवाचा धन्यवाद केलात, मग भाकरी मोडून प्रत्येकाला दिलीत, आणि शेवटल्या रात्री माडीवरच्या खोलीत प्रभूने शिष्यांसह जे केले ते किती घरगुती, किती नित्याच्या उपासनेतून आलेले होते, हे आम्हाला तुमच्या जेवणाच्या मेजावर दिसले. जेवणानंतर तुम्ही आजोबांची हगादा काढलीत. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचे ते पुस्तक, हिब्रू आणि मराठी असे दोन्ही भाषांत छापलेले होते. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये निघाली, हे तुम्ही अभिमानाने सांगितले. आईने ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि मिसरातून सुटका झाल्याची कथा आपण मुलांना ज्या शब्दांत सांगतो जवळजवळ त्याच शब्दांत ती लिहिलेली आहे, याचे तिला आजही नवल वाटते. सोलापूरला परतल्यानंतर प्रभुभोजनाला बसताना आम्हा चौघांच्याही मनात तुमचे मेज असते.

येशूविषयी तुम्ही काय मानता, हे आमच्या मुलीने विचारले, तेव्हा तुम्ही प्रश्न टाळला नाहीत. तो तुमच्या दृष्टीने मसीहा नव्हे, पण तो तुमच्याच लोकांतला, तुमचीच स्तोत्रे म्हणणारा होता, हे तुम्ही स्वच्छ सांगितले. आमच्या विश्वासात भर घालण्याचा किंवा तो कमी करण्याचा तुमचा कोणताही हेतू नव्हता. तरीही तो वाढला, आणि तुमच्या या सरळपणामुळेच वाढला असे मी मानते.

गालील समुद्राकाठच्या कफर्णहूमला तुम्ही आमच्याबरोबर आलात. तेथील पांढऱ्या चुनखडीचे सभास्थान (सिनेगॉग) चौथ्या-पाचव्या शतकातील असले, तरी त्याच्या तळाशी आणि आसपासच्या घरांना काळा दगड आहे, तो तुम्ही आईला हात लावून पाहायला सांगितला. “हा तर आपल्या किल्ल्याचा दगड,” ती म्हणाली, आणि ते खरेच होते, कारण गालीलचा आणि दख्खनचा काळा पाषाण दोन्ही लाव्हारसातून झालेले आहेत. येशूचा शिष्य पेत्र याचे घर म्हणून दाखवतात त्या भिंतीही त्याच दगडाच्या आहेत. शुभवर्तमानातील घरे आई आजवर चित्रांतल्यासारखी पांढरीशुभ्र समजत आली होती. आता ती आपल्या गावातल्या घरांसारखी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहतात.

आमच्या मुलीवर तुम्ही केलेला उपकार वेगळा आहे. “तुम्ही मूळचे कुठले?” हा प्रश्न तिला वर्गात, वसतिगृहात, लग्नकार्यात सतत विचारला जाई आणि तिने हळूहळू आपल्या धर्माविषयी बोलणेच सोडून दिले होते. तिला तुम्ही तुमच्या लोकांची हकीकत सांगितली. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी, तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेले शनवार तेली हे नाव, हे सारे ती कौतुकाने ऐकत होती. पण 1960 नंतर याच देशात मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांविषयी शंका घेतली, तेव्हा तुमच्या वडिलांसह शेकडो माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली आणि 1964 मध्ये संसदेने तुम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, हे ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्याच धर्माच्या भूमीत आपले मूळ सिद्ध करावे लागलेला माणूस तिच्याशी मराठीत बोलत होता. त्या दिवसानंतर तिने गळ्यातला क्रूस पुन्हा बाहेर घातला.

मिशनऱ्यांविषयीही तुम्ही मोकळेपणाने बोललात. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, मिशनच्या शाळांतून तुमच्या पूर्वजांना हिब्रू शिकवले गेले, त्यामागे धर्मांतराची अपेक्षा होती, पण धर्मांतर करणारे फार थोडे निघाले आणि बाकीचे आपल्याच शास्त्रात अधिक पारंगत झाले. हे सांगताना तुमच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, शिकवणाऱ्यांविषयी कृतज्ञताच होती. त्याच वेळी आईने पंडिता रमाबाईंचा विषय काढला. खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र (बायबल) आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, त्यांचे भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच छापले गेले आणि 1922 मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यानंतर, 1924 मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झाले. सोलापूर-पुणे गाडीतून केडगाव स्टेशन आम्ही कितीतरी वेळा पाहिले होते, पण तेथे उतरलो ते तुमच्याकडून परतल्यावरच.

शनिवारी आकाशात तारे दिसले आणि शब्बाथ सरला, तेव्हा तुम्ही आईला विचारले, “तुमच्या आजोबांचं नाव काय? ते मंडळीत कसे आले?” तिने सांगायला सुरुवात केली. 1899-1900 च्या दुष्काळात आईवेगळा झालेला मुलगा, अमेरिकन मराठी मिशनची शाळा, हातमागाचे शिक्षण आणि पुढे सोलापूरला येणे, यातले बरेचसे मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. तुम्ही मुलीच्या हातात वही दिलीत आणि आजी सांगेल ते सगळे लिहून घेण्याची तिला ताकीद दिलीत. तीच ही वही. तिच्यात आता आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, अहमदनगरच्या नातेवाइकांकडून मिळालेली नावे आहेत, आईच्या लहानपणी नाताळात होणाऱ्या ख्रिस्ती कीर्तनाचे वर्णन आहे, आणि आजीच्या तोंडी असलेली, उपासना संगीत या आमच्या गीतपुस्तकाच्या कोणत्याही प्रतीत न सापडलेली काही पदेही आहेत.

वहीची प्रत या पत्रासोबत टपालाने पाठवत आहोत. तुमच्या घरी शिकलेली हिब्रू अक्षरे मुलीने शेवटच्या चार पानांवर लिहिली आहेत आणि खाली 121 वे स्तोत्र उतरवले आहे. ती पाने तपासून, लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवावीत अशी तिची विनंती आहे. काकूंच्या मलिद्यात, म्हणजे पोह्यांच्या गोड प्रसादात, पोह्यांना नारळ किती घालायचा, तेही आईने विचारले आहे. नातवाला रेवदंड्याचे सिनेगॉग दाखवायला तुम्ही भारतात येणार आहात असे फोनवर म्हणाला होतात. त्या वेळी सोलापूरसाठी निदान एक आठवडा राखून ठेवावा. शुक्रवारचे सरबत आई करील.

तुमचे ऋणी,
सोलापूरचे तुमचे कुटुंबीय