बाबा, दाजींचा फोन आता तुम्ही उचलायचा नाही

ती. आई-बाबांना सा. न.,

ताईने दाजींचा नंबर ब्लॉक केला आणि त्याच संध्याकाळी बाबांचा फोन वाजला. हा योगायोग नव्हता. तिच्यापर्यंत जायची वाट बंद झाली की दुसरी शोधली जाते, आणि आपल्या घरातली सगळ्यात सोपी वाट म्हणजे बाबांचा मऊ स्वभाव. दाजी पाऊण तास रडले, बाबांनी ऐकून घेतलं आणि जेवताना ताईला म्हणाले, "एकदा बोलून तर बघ." ती रात्रभर जागी होती. फोनवर हे सगळं बोललं तर अर्धं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते.

आई, यूट्यूबवर बघून तू दाजींना 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला माणूस, म्हणायला लागली आहेस. तो शब्द घरात नको. त्या व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात. नऊ लक्षणांपैकी किमान पाच लागतात, तीही वर्षानुवर्षं टिकलेली. शिवाय आजाराचं नाव मिळालं की उद्या तूच म्हणशील, "आजारी आहे बिचारा, सांभाळून घे." काय घडलं तेवढंच बोलायचं. पगाराचं कार्ड त्यांच्याकडे. फोन रोज रात्री तपासायचे. चार माणसांत तिची नक्कल. मग तीन-तीन दिवस अबोला आणि चौथ्या दिवशी साडी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ मारहाणीच्याच पंक्तीत बसवलेत. त्यामुळे बाबा, "हात तर नाही ना उचलला" हे वाक्य पुन्हा नको.

खरी मेख त्या साडीत आहे. माणूस रोज वाईट वागत असेल तर त्याला सोडणं त्यामानाने सोपं. पण कधी टोमणा, कधी लाड आणि केव्हा काय मिळेल याचा नेम नाही, तेव्हा मन त्या लाडाच्या आशेवर अडकतं. मटक्याचा नाद सुटत नाही तोही मधेच कधीतरी आकडा लागतो म्हणूनच. ताईला अजून त्यांची आठवण येते, त्यांच्या आवडीची भाजी केली की डोळे भरतात. त्यावरून तिला परत जायचंय असा अर्थ काढू नका. ही ओढ कमी व्हायला महिने लागतात, आणि मधे एकदा बोलणं झालं तरी ती नव्याने उसळते.

आता फोन वाढतील, त्याची तयारी ठेवा. साधारण आधी माफी, मग "लेकरासाठी तरी", मग "माझी तब्येत बिघडली", मग मोठ्या काकांना मधे घालणं, आणि काहीच चाललं नाही की धमकी. वीस फोन सोडून एकविसावा उचललात तर त्यांना कळेल की एकवीस करावे लागतात. म्हणून अधूनमधून उचलणं हे रोज उचलण्यापेक्षाही वाईट.

जे बोलायचं ते फक्त छोटीबद्दल, फक्त मेसेजवर आणि फक्त बाबांच्या नंबरवर. समजा मेसेज आला, "तुमच्या मुलीने माझं घर मोडलं, आणि आता पोरीलाही तोडताय. रविवारी येऊ का?" यातलं उत्तर देण्याजोगं एकच वाक्य आहे. लिहायचं, "रविवारी ५ ते ७, नगरपालिकेच्या बागेत. मी छोटीला घेऊन येईन." बस. "तसं नाही हो" नको, "तिची तब्येत बरी नाही" नको, कारण तर अजिबात नको. दिलेल्या प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. ताई कुठे जाते, कोणत्या वकिलाकडे, नोकरीचं काय, हे काकांनाही सांगायचं नाही. काकांकडून ते तिकडे पोचतं. कोणी खोदून विचारलंच तर "ती इथेच राहणार आहे" एवढंच.

छोटीला भेटू द्या. ते वडील आहेत, आणि ताबा कोर्टात ठरेल. पण भेट घराबाहेर. आई, दारात आले तर तुला चहा विचारल्याशिवाय राहवणार नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारायचा नाही. परत आल्यावर "बाबा काय म्हणाले?" असं छोटीला विचारू नका, तिच्यासमोर त्यांना नावंही ठेवू नका. नाहीतर ती दोन घरांमधली निरोप्या होते.

ताईच्या फोनचं काम माझ्या मोबाइलवरून करू. तिचं जीमेल दाजींनीच काढून दिलं होतं, रिकव्हरीला नंबर त्यांचाच. आधी पासवर्ड बदलला तर ते त्या नंबरवरून तो पुन्हा बदलू शकतात. म्हणून आधी रिकव्हरी नंबर, मग पासवर्ड, मग अनोळखी डिव्हाइस साइन आउट, शेवटी मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग बंद. व्हॉट्सॲपला एका वेळी चार डिव्हाइस जोडता येतात. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये त्यांचा लॅपटॉप असेल तर काढून सहा आकडी पिन लावायचा. जुने मेसेज मात्र कुणी पुसायचे नाहीत, कितीही किळस आली तरी. स्क्रीनशॉट कापायचे नाहीत, जुना हँडसेट विकायचा नाही. कोर्टात डिजिटल पुराव्याला २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी लागतो.

काका बैठकीचं म्हणतात, त्यांना नाही म्हणा. पंधरा माणसांत ताई जे बोलेल तेच पुढे तिच्याविरुद्ध वापरलं जाईल. त्याऐवजी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, त्यासाठी आधी घटस्फोटाचा दावा लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी फोन, मेसेज, भेट, सगळ्या संपर्कावर बंदी घालू शकतात, आणि ती मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, पण कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो. पोलिसांसोबत काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये तो मुंबईत सुरू केला. तिथले समुपदेशक पैसे घेत नाहीत.

आता घरातलं. इतकी वर्षं ताईच्या वतीने कुणीतरी ठरवत होतं, ते आता प्रेमापोटी तुम्ही करू नका. भाजी कुठली, छोटीची शाळा कुठली, तिलाच विचारा आणि उत्तराला वेळ लागला तर थांबा. "चालेल ना? रागावणार नाही ना?" असं ती दहादा विचारते, दहाही वेळा सरळ "हो, चालेल" म्हणा. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न गिळून टाका. तिच्या खोलीत जाताना दार वाजवा, तिचा फोन वाजला तर नाव वाचायला वाकू नका. दोन आठवडे झोप-जेवण लागलं नाही तर डॉक्टर. जगण्यात अर्थ नाही असं बोलली तर तिला एकटं सोडायचं नाही आणि लगेच १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन, रात्र असली तरी. धमकी देत कुणी दारात आलं तर ११२.

पासबुकं, लग्नातल्या दागिन्यांच्या पावत्या आणि दागिने दिसतील असे फोटो एका पिशवीत काढून ठेवा, स्त्रीधनाची यादी करायला लागतील. मी शनिवारी सकाळच्या एसटीने येते, दुपारी वकीलबाईंची वेळ घेतली आहे. तुम्ही सोबत यायचं की नाही ते ताईला विचारून ठरवा.

तुमची,
धाकटी