फडाचे बंधारे पडायच्या आधी यादीत घ्या

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

स्कॉटलंडात शेतातले दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे काही दगडी कुंपणं, मेंढरं कोंडायची किंवा पिकाभोवती घातलेली, सरकारी यादीत घेऊन जपतात आणि १९७९ च्या कायद्यामुळे तिथं विनापरवाना मोडतोड केली तर गुन्हा होतो. ते वाचलं आणि आपल्या पांझरा नदीवरचे फड डोळ्यासमोर आले. तीन-चारशे वर्षांची ही पद्धत, नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालचं थळ, म्हणजे त्या पाण्यावर भिजणारं सगळं रान, तीन-चार फडांत वाटलेलं आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि पंचांनी एखादा फड पडीक ठेवायचं ठरवलं तर झळ सगळ्यांना सारखी बसते, शेवटच्या टोकाचा माणूस एकटा मरत नाही. पाटकऱ्यानं पाणी द्यायचं, जागल्यानं राखण करायची. पाणी उतारानंच फिरतं, मोटार नाही की लाईट बिल नाही.

आता वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी-बोअर वाढले, नदीचा वाहता झरा आटला आणि बरेच फड बंद पडले. त्याला इलाज कठीण आहे, मान्य. पण जे उभं आहे ते तरी का फोडता? आमच्या शिवारात रस्त्याच्या कामात ठेकेदाराच्या जेसीबीनं पाटाचं तोंडच उखडलं. फळी बसवायला दगडात कोरलेल्या खाचा होत्या, पाण्यानं घासून घासून गुळगुळीत झालेल्या, ते दगड भरावात गेले आणि तिथं सिमेंटचा पाईप आला. कोणाला विचारलं नाही, कारण कुठल्याच कागदावर ते 'जुनं' नाही!

सिंधुदुर्गातल्या १५३० च्या धामापूर तलावाला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला, त्यासाठी बांधकाम शंभर वर्षांचं लागतं, आपले बंधारे त्यात सहज बसतात. तर धुळे जिल्हा प्रशासनानं निदान साक्री तालुक्यापासून सुरुवात करून बंधारा, पाट, चाऱ्या (पाटाचे छोटे फाटे), सांडवे (जादा पाणी जायच्या वाटा) मोजून नकाशावर घ्यावेत, रस्त्याचं किंवा पाईपलाईनचं काम काढण्याआधी तो नकाशा बघणं सक्तीचं करावं. आणि एक, जपायचं म्हणून शेतकऱ्याला शेतातून हाकलू नका, पाटात पाणी नि फडात पीक राहिलं तरच तो फड. हंगामाआधी गाळ काढायला थोडा निधी द्या, बाकीचं आम्ही गावकरी आणि पंच मिळून करू.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. साक्री, जि. धुळे