तिन्ही रीडिंग १०.० कशी येतात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकांवरचा कालचा लेख वाचून चीड आली. सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून लेखक मोकळे झाले. मुले जर्नल (प्रयोगांची वही) दुसऱ्याचे बघून उतरवून काढतात हे खरेच. पण उतरवलेल्या जर्नलला पूर्ण गुण कोण देते, तेही लिहायचे होते.

बी.एस्सी.चे एक साधे अनुमापन घ्या, म्हणजे एका द्रावणात दुसरे ब्युरेटमधून (खुणांच्या नळीतून) सोडायचे आणि किती मिली लागले त्या रीडिंगवरून तीव्रता काढायची: पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल. परमँगनेट कितीही काटेकोर तोलले तरी वजनावरून त्याची तीव्रता पक्की ठरत नाही. पाण्यातल्या सेंद्रिय अंशांशी त्याची क्रिया होते, मँगनीज डायऑक्साइड तळाशी बसतो आणि द्रावण हळूहळू सौम्य होते. ते ऑक्झॅलिक आम्लाने प्रमाणित करायचे, म्हणजे त्याची खरी तीव्रता काढायची, त्यासाठीच हा प्रयोग. आणि परमँगनेटच्या बाटलीवर मात्र आधीच चिठ्ठी, '०.१ एन' (एन म्हणजे नॉर्मल, तीव्रतेचे एकक). मग ०.१ एन ऑक्झॅलिक आम्ल १० मिली घेतले की वहीत ओळीने १०.०, १०.०, १०.० आणि सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारे रीडिंग) १०.०! ठेवून सौम्य झालेल्या द्रावणाला एखाद्या मुलीचे रीडिंग प्रामाणिकपणे १०.४ येते. ते बरोबर असते, तीव्रता ०.०९६ एन निघते. नेमके तिलाच 'परत कर' म्हणून सांगतात.

खरी चूक कुठे होते ते त्यामुळे कुणी बघतच नाही. ऑक्झॅलिक आम्लाचा फ्लास्क ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला नाही तर पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग लवकर जात नाही, तोच अंत्यबिंदू (क्रिया पूर्ण झाल्याची खूण) समजून रीडिंग कमी घेतले जाते. सल्फ्युरिक आम्ल कमी पडले किंवा ब्युरेट भसकन सोडली की द्रावण तपकिरी होते. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर क्लोराइडवरच परमँगनेट खर्ची पडते आणि रीडिंग वाढते. द्रावण गडद असल्याने ब्युरेटमध्ये द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची वरची कड वाचायची असते. हे टेबलापाशी उभे राहूनच शिकवता येते.

उपायाला जादा खर्च नाही. प्रयोगशाळा सहायकाने ०.५ एन ऑक्झॅलिक आम्लाच्या साठ्यातून १०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये कुणाला १८, कुणाला २१, कुणाला २३ मिली ब्युरेटने सोडावे आणि यादी शिक्षकांकडे द्यावी. विद्यार्थ्याने खुणेपर्यंत पाणी भरून, परमँगनेट आधी स्वतः प्रमाणित करून, आपल्या फ्लास्कमधल्या आम्लाची तीव्रता काढावी. प्रत्येकाचे उत्तर वेगळे, त्यामुळे शेजारच्याचे उत्तर कामाचे नाही. रीडिंग मिळताक्षणी शाईने लिहायचे आणि शिक्षकांनी तिथेच सही करायची. गुण या कागदाला द्यावेत, सजवलेल्या जर्नलला नाही. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) प्रात्यक्षिकाचे ३० तास आहेत. ते वही उतरवण्यात का घालवायचे?

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात विद्यार्थी पिपेट (द्रव मोजून घेण्याची नळी) तोंडाने ओढताना दिसतो. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. पिपेटला रबरी बल्ब लावतात. असे छायाचित्र पुन्हा छापू नये, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक